वालपारायसोहून आलेलं पत्र

तुळसा तांडेल आमच्या चाळीत मासळी विकायला यायची. १९४९ साल. डोंबिवलीत तेव्हा स्टेशनजवळ थोड्या चाळी, त्यापुढे भाताची शेतं आणि पश्चिमेला खाडीच्या कडेला कोळ्यांची वस्ती, एवढंच होतं. तुळसा तिशीच्या आसपासची, उंच, सावळी बाई. डोक्यावरची पाटी उतरवायला ती कोणाचा हात घेत नसे. भावावरून कोणी फार घासाघीस केली, तर भांडायची नाही. पाटीवर फडकं टाकायची आणि उठायची. माझी बायको सरोज तिच्याकडूनच बोय, कोळंबी, चिंबोऱ्या घ्यायची. तुळसा शिळं कधी खपवत नाही, एवढं सर्टिफिकेट सरोजनं तिला दिलं होतं, आणि सरोज असं सहजासहजी कोणाला देत नसे.

तिचा नवरा भिवा १९३९ साली बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पहिली दोन-तीन वर्षं कोणाकोणाकडून त्याचे निरोप आले. १९४२ पासून काहीच नाही. लढाई संपली, वस्तीतले इतर खलाशी एकेक करून परतले, भिवा आला नाही. बोट बुडाली म्हणावं तर बोटीच्या कंपनीकडून तशी चिठ्ठी नव्हती. त्याची आई आवडाबाई, मुलगा गेला हे मानायला तयार नव्हती. कोळ्यांत विधवेला पाट लावता येतो, म्हणजे पुन्हा लग्न करता येतं, आणि टाकलेल्या बाईलाही. पण नवरा मेल्याची खबर तरी हवी, नाहीतर त्यानं सोडल्याचा शब्द तरी हवा. तुळसाकडे दोन्ही नव्हतं. दहा वर्षं ती सासूजवळ राहून दोघींचं पोट भरत होती.

शेजारी महिपत नावाचा एक विधुर होता. त्याची स्वतःची होडी होती. तुळसाला मासळी तोच देई, आणि पावसाच्या आधी दोघींच्या घराचं छप्परही तोच शाकारून देई. वाट मोकळी झाली तर महिपत तुळसाला मागणी घालणार, हे सगळी वस्ती धरून चालली होती. आवडाबाईलाही ते माहीत होतं. पण दोघांच्या वागण्याला नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. हे सगळं मला मागाहून समजलं. तेव्हा मला तुळसाबद्दल माहिती होती ती पाटीतल्या मासळीपुरती.

माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मी मधु खारकर, मुंबईत फोर्टात एका व्यापारी पेढीत कारकून होतो. पेढीचा दक्षिण अमेरिकेशी व्यवहार होता. इकडून गोणपाट जायचं, तिकडून गहू यायचा. तिकडची पत्रं स्पॅनिशमध्ये येत. ती वाचू शकेल असा माणूस पेढीला हवा होता, आणि तो आपणच व्हायचं असं मी ठरवलं. फूटपाथवरून एक स्वयंशिक्षणाचं जुनं पुस्तक आणलं, एक डिक्शनरी मिळवली आणि रोज जाता-येता धडे पाठ करू लागलो. नऊ महिन्यांत अकरा धडे झाले. गव्हाच्या पत्रांतले ठरावीक शब्द मला कळू लागले. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर कौतुक केलं. चाळीतही बातमी पसरली, की खारकरांना स्पेनची भाषा येते. मी ती पसरू दिली.

त्या वर्षी नोव्हेंबरात एका सकाळी तुळसानं पाटी उतरवली आणि पदराच्या गाठीतून एक पाकीट काढलं. पोस्टमास्तरांनी ते उघडून पाहिलं होतं आणि हे इंग्रजी नाही म्हणून परत दिलं होतं. वर तिकीट चिलीचं. गाव वालपारायसो. आत एकच कागद, आणि स्पॅनिशमधला मजकूर. भिवाला लिहिता येत नव्हतं, तुळसा म्हणाली. त्यानं तिथल्या कोणाकडून तरी लिहून घेतलं असणार, आणि तिथे मराठी लिहिणारा कुठून मिळणार? तिचं बरोबर होतं.

मी तिथल्या तिथे वाचायला हवं होतं, किंवा पत्र ठेवून घेऊन दोन दिवस शब्द शोधायला हवे होते. मी म्हणालो, रविवारी तुमच्याकडे येऊन सगळ्यांसमोर वाचतो. आज मला त्यातलं सगळ्यात जास्त काही मनाला लागत असेल तर ते हे, की मला सगळ्यांसमोर वाचायचं होतं.

रविवारी मी डिक्शनरी घेऊन कोळीवाड्यात गेलो. आवडाबाईच्या दारात तीस-चाळीस माणसं जमली होती. मला खुर्ची दिली, चहा दिला. गावकीचे, म्हणजे वस्तीच्या पंचायतीचे, म्हातारे समोर बसले. आवडाबाई अगदी माझ्या पायाशी बसली होती. तुळसा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. महिपत पुरुषांत मागे कुठेतरी असेल, मी त्याला ओळखत नव्हतो.

पत्राची सुरुवात सोपी होती. आई, मी जिवंत आहे. तुझं डाव्या हाताचं बोट पाकट माशाच्या काट्यानं वाकडं झालं होतं, ते मला आठवतं. हे वाक्य ऐकून आवडाबाईनं आपला हात वर करून सगळ्यांना दाखवला. पत्र भिवाचंच, यात मग कोणाला शंका राहिली नाही. पुढे होतं, की बोटीत माल अंगावर पडून पाय गेला, गुडघ्याच्या वरून कापला. दवाखान्यात ठेवून बोट निघून गेली. आता बंदरावर जाळी विणतो. मी परत येत नाही.

आवडाबाईनं तोंडावर पदर घेतला. मी थांबलो नाही. पुढचं वाक्य होतं, "दिगो के तुल्सा से कासे कोन ओत्रो." दिगो म्हणजे मी सांगतो. कोन ओत्रो म्हणजे दुसऱ्याशी. लग्न करणं हे क्रियापद मला येत होतं. तुळसा लग्न करते, यासाठी 'से कासा' पाहिजे होतं. इथे 'से कासे' लिहिलेलं होतं. शेवटी आ हवा तिथे ए.

त्या पत्रात लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. दोन मी वरच्या ओळींत पकडल्या होत्या. ही तिसरी, असं मी धरलं. खिशातली पेन्सिल काढली, ए खोडून वर आ लिहिला, आणि वाचलं, "मी सांगतो, तुळसा दुसऱ्याशी लग्न करते आहे."

पुढचं वाक्य होतं, त्याचं मी वाईट वाटून घेत नाही. तेही मी वाचलं. मग आईला दोन शब्द, आणि खाली अंगठा.

 तुळसा चौकटीपासून पुढे आली.

"नीट बगा, दादा. तो असा बोलनार नाय."

मी तिला सांगितलं, की लिहिणाऱ्यानं एक अक्षर चुकवलं होतं, ते मी दुरुस्त केलं आहे.

"त्याला तिथं कोन सांगनार? इथली खबर तिथं कशी जानार?"

 मी एवढंच म्हणालो, की कागदावर आहे ते मी वाचलं. तेवढ्यात एक म्हातारा म्हणाला, खलाशी दुनियाभर फिरतात, एका बंदरातली गोष्ट दुसऱ्या बंदरात जायला काय लागतं. ते सगळ्यांना पटलं. आवडाबाईनं तोंडावरचा पदर काढला. आता दोन वाक्यं तिच्या मनात एकमेकांना जुळली होती. मी परत येत नाही, आणि तुळसा दुसऱ्याशी लग्न करते आहे. पहिल्याचं कारण दुसरं. तिचा मुलगा पाय गेला म्हणून येत नव्हता असं नाही, तो सुनेमुळे येत नव्हता. आणि वर किती मोठ्या मनाचा, की वाईट वाटत नाही म्हणतो. ती तुळसाकडे बघून शांतपणे म्हणाली, "माजा पोर तू खाल्लास."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि घरी आलो. सरोजला सांगितलं, की मोठं अवघड पत्र होतं, पण वाचलं.

आठ दिवसांत गावकी बसली. दुसरा कोण, हे शोधायला कोणाला लांब जावं लागलं नाही. महिपतनं एकवीरेच्या नावानं नारळ उचलला आणि शपथ घेतली, की माझा हिचा काही संबंध नाही आणि यापुढे मी हिच्या दारात पाय ठेवणार नाही. शपथेतलं पहिलं खरं होतं. दुसरं त्यानं त्या दिवसापासून खरं केलं. तुळसालाही नारळ उचलायला सांगितला. तिनं नाकारलं. जे मी केलंच नाही त्याची शपथ मी का घेऊ, असं ती म्हणाली. गावकीनं त्याचा अर्थ लावायचा तो लावला. तिला घर सोडावं लागलं. गावकीनं काडीमोडही दिला नाही. नवऱ्यानं पत्रात सोडल्याचं म्हटलं नव्हतं, नुसता गुन्हा सांगितला होता. म्हणजे नवरा असूनही नाही, आणि दुसरा करता येत नाही, ही तिची गत तशीच राहिली. फक्त डोक्यावरचं छप्पर गेलं.

आवडाबाईनं भिवाला उत्तर लिहायला मलाच बोलावलं. तिनं सांगितलं, लिही, तुळसा घरातून गेली, आता तू ये. मी स्पॅनिशमध्ये लिहिलं, तुळसा घर सोडून गेली. पुढे 'आई म्हणते की तू ये' लिहायचं होतं, ते मी 'आई म्हणते की तू येतोस' असं लिहिलं. अकरा धड्यांत तेवढंच येत होतं. परतीचा पत्ता माझा घातला. त्या पत्राला उत्तर आलं नाही.

तुळसा आमच्या चाळीत यायची बंद झाली. ती ठाकुर्लीला गेली होती. तिथे रेल्वेच्या पॉवर हाऊसमध्ये काम करणाऱ्या मजुरांच्या झोपड्या होत्या. त्यांच्यात ती सुकट, सोडे, सुके बोंबील विकून राहू लागली. महिपत तिला मासळी देईनासा झाला होता, वस्तीतलं दुसरंही कोणी देत नव्हतं. ताजी मासळी सुटली ती अशी. सरोजनं नवी कोळीण धरली. ती अधूनमधून शिळं खपवायची. मी गव्हाची पत्रं वाचत राहिलो.

१९५३ साली पेढीनं माझ्यासाठी एक शिक्षक नेमला. स्पेनहून येऊन हिंदुस्थानात म्हातारे झालेले एक पाद्री दर शनिवारी दुपारी दोन तास यायचे. त्यांनी माझे अकरा धडे तपासले, पक्के केले आणि पुढे नेलं. ऑगस्टमध्ये एका शनिवारी त्यांनी नवा धडा काढला. दुसऱ्यानं काही करावं अशी आपली इच्छा असेल, विनंती असेल, सल्ला असेल किंवा हुकूम असेल, तर क्रियापदाचं रूप बदलतं, असा तो धडा होता. त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'दिगो के व्हिएने', मी सांगतो की तो येतो. 'दिगो के व्हेंगा', मी सांगतो की त्यानं यावं. पहिल्यात तुम्ही नुसती बातमी देता, ते म्हणाले. दुसऱ्यात तुमचं मन दुसऱ्याच्या मनाला ढकलत असतं. ते ढकललं जाईल की नाही हे तुमच्या हातात नसतं, म्हणून रूप वेगळं. मग त्यांनी आणखी उदाहरणं दिली. आ असेल तिथे ए येतो, ए असेल तिथे आ येतो. बोलतो, बोलावं. खातो, खावं.

मी विचारलं, "लग्न करणं?"

ते हसले. "कासा, कासे," म्हणाले. त्यांना वाटलं, मला कोणाचं तरी लग्न जमवायचं आहे.

भिवानं लिहिलं होतं, मी सांगतो, तुळसानं दुसऱ्याशी लग्न करावं. मी त्याचं वाईट वाटून घेत नाही. चार हजार कोसांवरून एका पांगळ्या माणसानं बायकोला मोकळं केलं होतं. लिहिणाऱ्यानं ते अक्षर अचूक लिहिलं होतं. एवढं तरी त्याला येत होतं. करते आणि करावं यांतला फरक आमच्या भाषेत चार वर्षांच्या पोराला कळतो, पण तो त्या भाषेतही असेल, असं माझ्या मनात आलं नव्हतं.

घरी येऊन मी सरोजला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिनं विळी आडवी केली आणि म्हणाली, "उद्या जा. उद्याच्या उद्या जाऊन तिला सांगा."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. डोंबिवलीहून ठाकुर्ली चालत अर्ध्या तासाची वाट. तुळसा झोपडीसमोर चटईवर सुकट पसरून बसली होती. चार वर्षांत तिचे पुढचे केस पिकले होते. तिनं मला ओळखलं, पण नाव घेतलं नाही. काय पाहिजे विचारलं. मी म्हणालो, सुकट. तिनं मोजून दिली आणि वर एक मूठ टाकली, ती नेहमी टाकायची तशी. मी पुडी घेऊन परत आलो. सरोजला म्हणालो, ती भेटली नाही. सरोजनं पुडीकडे पाहिलं. ती सुकट तिनं केली नाही.

मग दिवस गेले. मला पेढीत पत्रव्यवहार खात्याचा मुख्य केलं. सरोजला दिवस राहिले, मुलगी झाली. दर महिन्याला मी ठरवायचो, या रविवारी जाऊ. आता सांगून उपयोग काय, असंही स्वतःला समजावत होतो. तिची घडी बसली आहे, ती का विस्कटा? माझ्यासारख्या माणसाला असली समजूत पटकन पटते. १९५५च्या माघात महिपतनं वसईकडची एक मुलगी करून आणली. वस्तीत वाजंत्री लागली होती, ती आमच्या चाळीपर्यंत ऐकू आली. कोणाचं लग्न म्हणून मी विचारलं, तेव्हा नवी कोळीण म्हणाली, महिपतचं. त्या रात्री सरोजनं माझं ताट वाढून ठेवलं आणि मुलीला घेऊन झोपायला गेली.

ऑक्टोबरात माझ्या पत्त्यावर वालपारायसोहून दुसरं पत्र आलं. या वेळी मी प्रत्येक अक्षर वाचलं. लिहिणारी रोसालिया नावाची बाई होती. भिवाचा पाय कापल्यावर तिनं त्याला घरात ठेवून घेतलं होतं. अकरा वर्षं तो तिच्याजवळ होता. त्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैत, छातीच्या दुखण्यानं तो गेला. तिनं पुढे लिहिलं होतं, की तुमचं उत्तर आलं तेव्हा त्याला फार बरं वाटलं. तुळसानं लग्न करावं असं त्यानं कळवलं होतं, आणि ती घर सोडून गेली असं तुम्ही लिहिलंत. तिनं माझं ऐकलं, असं तो शेवटपर्यंत सांगायचा.

आता न सांगून भागणार नव्हतं. नवरा मेल्याची खबर माझ्या खिशात होती. मी ठाकुर्लीला गेलो आणि चटईच्या कडेला जमिनीवर बसलो. आधी भिवा गेला हे सांगितलं. तुळसा रडली नाही. हातातले बोंबील खाली ठेवून तिनं हात लुगड्याला पुसले. मग मी पहिल्या पत्राचं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. चूक एका अक्षराची होती.

ती म्हणाली, "त्यानं काय लिवलं व्हतं ते पुन्ना बोला."

"मी सांगतो, तुळसानं दुसऱ्याशी लग्न करावं. मी त्याचं वाईट वाटून घेत नाही."

"करावं," ती म्हणाली.  मग तिनं विचारलं, "तुमी 'करते' कसं वाचलंत?"

"मला तेवढं शिकवलेलं नव्हतं."

"मंग येत नाय असं सांगायचं व्हतं."

 तिचं अजून संपलं नव्हतं.

"कवा कळलं तुमाला?"

खोटं बोलता आलं असतं. पत्र कालच आलं होतं, कालच कळलं म्हटलं असतं तरी तिला तपासता येणार नव्हतं. मी म्हणालो, "दोन वर्षं झाली."

तिनं मनाशी हिशेब केला, हे मला दिसलं. "महिपतचा लगीन माघात झाला," ती म्हणाली. "तवा तुमाला ठावूक व्हतं."

"हो."

"आन मागं तुमी येऊन सुकट घेऊन गेलात, तवाबी."

मी हो म्हणालो. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, आत जाऊन पाणी प्यायली, आणि बाहेर येऊन म्हणाली, की जिथे बसून वाचलंत तिथेच बसून हे सगळ्यांना सांगा. मी कबूल झालो.

दिवाळीनंतरच्या रविवारी गावकी बसली. तुळसा सहा वर्षांनी त्या दारात आली होती. ती आत गेली नाही, अंगणातच उभी राहिली. आवडाबाईची नजर गेली होती. तिला नातेवाइकांनी धरून आणून बसवलं. महिपत आला होता, त्याची बायको मागे बायकांत होती, तिला दिवस गेलेले होते. मला या वेळी खुर्ची दिली नाही.

मी उभ्यानं सगळं सांगितलं. भिवा गेल्याचं, रोसालियाचं, माझ्या चुकीचं. एका म्हाताऱ्यानं आवडाबाईच्या पेटीतून पहिलं पत्र आणवलं आणि सगळ्यांना फिरवून दाखवलं. त्यावर माझ्या पेन्सिलीची खाडाखोड होती. त्यानं विचारलं, की एकदा तुम्ही खोडून एक सांगितलंत, आज दुसरं सांगता, उद्या तिसरं सांगाल, आम्ही कुठलं धरायचं? मी म्हणालो, मुंबईला नेऊन पाद्रीबाबांना दाखवा. ते कोणाला नको होतं.

मग आवडाबाई बोलली. माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून तिनं विचारलं, "म्हंजे माजा भिवा आपल्या मनानं नाय आला?"

मी म्हणालो, "हो आई. तो तिथेच राहिला. तिथे त्याचं घर होतं."

"खोटं," ती म्हणाली. "पैला कागद खरा."

मला तेव्हा समजलं, की तिला काही पटवता येणार नाही. पहिला कागद खरा असेल तर तिचा मुलगा सुनेच्या पापामुळे दूर राहिला. दुसरा खरा असेल तर तो आईला सोडून एका परक्या बाईजवळ सुखानं राहिला, आणि तिनं निर्दोष सुनेला हाकललं. त्या वयात दुसरा कागद कोण घेईल? माझी चूक मी परत मागत होतो, ती देत नव्हती.

गावकीनं निवाडा दिला. भिवा मेला एवढं खरं धरायचं. म्हणून तुळसाला विधवा मानायचं आणि पाट लावायची मोकळीक द्यायची. मागचं झालं गेलं उकरायचं नाही. आवडाबाईकडे बघायला कोणी नाही, तेव्हा तुळसाची इच्छा असेल तर तिनं घरात परत यावं आणि म्हातारीचं करावं. सगळ्यांना हा निवाडा चांगला वाटला. महिपत जमिनीकडे बघत बसला होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

तुळसानं बांगड्या तिथेच अंगणात दगडावर फोडल्या. हातातून थोडं रक्त आलं, ते तिनं पुसलं नाही. एका बाईनं तिला आत यायला सांगितलं.

"मी येनार नाय," तुळसा म्हणाली. "मी काय केलं नाय असं बोला. मंग येईन."

तसं कोणी बोललं नाही. ती थोडा वेळ थांबली आणि निघाली.

मी तिच्या मागे स्टेशनपर्यंत गेलो. वाटेत मी पुष्कळ बोललो. वडिलांच्या आजारपणामुळे माझं शिक्षण कसं अर्धवट राहिलं, पेढीत किती ताण होता, मुलगी लहान होती. ती चालत राहिली. स्टेशनच्या फाटकापाशी थांबून ती म्हणाली, "दादा, तुमी आता माज्याकडं येऊ नका." मी पुढे गेलो नाही.

आवडाबाई १९५७ साली गेली. शेवटी शेवटी ती तुळसाच्या नावानं हाका मारायची, असं आमची कोळीण सांगायची. वस्तीतून ठाकुर्लीला दोन वेळा निरोप गेला. तुळसा आली नाही. म्हातारीला आवडायचे म्हणून दर आठवड्याला सोडे मात्र पाठवायची, आणि कोणी पाठवले ते सांगायचं नाही, असं बजावायची. घर पुतण्यांनी घेतलं.

पॉवर हाऊसमधल्या एका फिटरनं तिला मागणी घातली होती. सरोज अधूनमधून तिच्याकडे जायची, मी बरोबर नसायचो. सरोजनंच तुळसाला विचारलं, हो का म्हणत नाहीस. तुळसा म्हणाली, की महिपतच्या होडीतून माझी मासळी यायची तेव्हा मी तिशीची होते, आता चाळिशी आली, आता कोणाच्या घरात नव्यानं धुणी-भांडी कशाला करू? ती लग्नाविरुद्ध नव्हती. तिला जो हवा होता तो दुसऱ्याचा झाला होता, एवढंच.

माझं सगळं बरं चाललं आहे. पेढीची पत्रं आता मीच लिहितो. आपण माल लवकर पाठवावा, गोण्या कोरड्या असाव्यात, आमची अडचण समजून घ्यावी, असली वाक्यं मी एकही अक्षर न चुकवता लिहितो. ब्वेनोस आयरेसच्या व्यापाऱ्यानं एकदा साहेबांना विचारलं होतं, की तुमच्याकडे स्पेनचा माणूस आहे काय.

१९५८च्या उन्हाळ्यात झोपड्या हलवल्या आणि तुळसा कल्याणच्या बाजारात बसू लागली. मला ते माहीत नव्हतं. एका रविवारी मुलीला घेऊन मी बाजारात गेलो होतो. सुक्या मासळीच्या ओळीत मी सोड्यांचा भाव विचारला आणि मग वर पाहिलं. ती तुळसा होती. तिनं भाव सांगितला नाही. माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईला हात करून पुढे बोलावलं, तिला काय पाहिजे विचारलं आणि तराजू उचलला. मुलगी माझा हात ओढत म्हणाली, बाबा, आपला नंबर आधी होता. मी तिला घेऊन बाजूला झालो.